वसंत येण्याआधी अंगणातली फुलबाग

(इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, सोनाळा)

मित्रांनो, आपल्या देशात सहा ऋतू आहेत. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत आणि शिशिर. वसंत ऋतूचे महिने चैत्र आणि वैशाख. वसंताला ऋतूंचा राजा म्हणतात. राजा येणार म्हटल्यावर घर झाडून ठेवावं लागतं, तशी फुलबागसुद्धा तयार करून ठेवावी लागते. ती कशी करायची, कोणत्या महिन्यात कोणतं काम करायचं, आणि मुख्य म्हणजे पाण्याचं काय करायचं, हे मी या लेखात सांगणार आहे. यातलं काही गुरुजींनी परिसर अभ्यासात शिकवलं, काही आजीने सांगितलं, आणि काही मी स्वतः मोजून पाहिलं.

आपला वसंत वेगळा

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ पडतो. झाडं उघडी होतात. वसंतात बर्फ वितळतो, मग तिथले लोक बागेत बी पेरतात. आपल्या देशात काश्मीरमध्येही असंच असतं. श्रीनगरला ट्यूलिप नावाच्या फुलांची मोठी बाग आहे. ती मार्च-एप्रिलमध्ये फुलते. ट्यूलिपचे कंद मात्र त्याच्या आधीच, थंडी पडायच्या सुमारास जमिनीत लावून ठेवावे लागतात.

आपल्याकडे उलटं आहे. सोनाळ्यात बर्फ नाही. आपल्याकडे वसंत आला की पाठोपाठ ऊन येतं. एप्रिल-मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४० अंशांच्या वर जातो. तिकडचे लोक थंडी संपायची वाट पाहतात आणि आपल्याला ऊन यायच्या आत काम उरकावं लागतं. म्हणून आपली तयारी पौष-माघातच सुरू झाली पाहिजे. फाल्गुन संपल्यावर जो जागा झाला, त्याची झाडं वैशाखात वाळतात आणि मग तो पावसाळ्यात पुन्हा नवी रोपं मागत फिरतो. आपल्या गावात दर वर्षी कितीतरी अंगणांत असंच होतं.

डोंगरातली फुलबाग पाहा

आपल्या गावाच्या उत्तरेला सातपुडा आहे, अंबाबरवा अभयारण्य आहे. फाल्गुनात त्या बाजूला पाहिलं की पळस लालभडक फुललेला दिसतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, कोणी खत देत नाही. मग तो कसा फुलतो? पळस आधी आपली पानं गाळून टाकतो. पानांतून पाणी उडून जातं, ते त्यामुळे वाचतं. त्याची मुळं खोल असतात. अंगावर पानं नाहीत, म्हणून फुलं लांबून पाखरांना दिसतात. मैना आणि बुलबुल त्या फुलांतला रस प्यायला येतात, आणि त्यांच्या चोचीला लागून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात.

म्हणजे पळस तीन गोष्टी शिकवतो. नको ती पानं कमी करा. मुळं खोल जाऊ द्या. पाणी वाया जाऊ देऊ नका. आपल्या अंगणातल्या बागेलाही हेच तीन नियम लागू पडतात. (अभयारण्यातली फुलं तोडायची नसतात. रंगपंचमीसाठी पळसाची फुलं हवी असली, तर धुऱ्यावरच्या झाडाखाली पडलेली वेचावीत.)

पाडव्याचं गणित

पाडव्याला गुढीला आणि दाराला झेंडूची माळ लागते. घरचा झेंडू असला तर विकत आणावा लागत नाही. पण बी कधी टाकायचं? मोठ्या फुलांच्या झेंडूला बी टाकल्यापासून फुलं यायला साधारण ८० दिवस लागतात. समजा, आपण दर वर्षी १४ जानेवारीला बी टाकलं. मग काय होईल ते पाहा.

२०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता. मधले दिवस ८६. फुलं वेळेवर आली असती.
२०२५ साली पाडवा ३० मार्चला होता. मधले दिवस ७५. फुलं पाच दिवस उशिरा.
२०२६ सालचा पाडवा १९ मार्चला. मधले दिवस ६४. फुलं सोळा दिवस उशिरा!

म्हणजे दर वर्षी एकाच तारखेला बी टाकून चालत नाही. पाडवा असा मागे का सरकतो? गुरुजींनी सांगितलं, की आपलं पंचांगातलं वर्ष चंद्रावर चालतं. चंद्राचे बारा महिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचं. फरक ११ दिवसांचा. म्हणून पाडवा दर वर्षी साधारण ११ दिवस मागे येतो. असं मागे मागे जात राहिलं तर पाडवा थंडीत येईल! म्हणून काही वर्षांनी एक महिना जास्त धरतात, त्याला अधिक मास म्हणतात. २०२६ साली अधिक ज्येष्ठ महिना आहे. त्यामुळे त्याच्या पुढचा पाडवा पुन्हा एप्रिलमध्ये जातो.

आता नियम सोपा आहे. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, पाडव्याची तारीख पाहा, त्यातून ८० दिवस मागे मोजा, आणि त्या दिवशी बी टाका. १९ मार्च २०२६ च्या पाडव्यासाठी हा दिवस २९ डिसेंबर २०२५ येतो. तुम्हीही मोजून पाहा, बरोबर येतो की नाही.

लागणारं साहित्य

खुरपं, कुदळ, टोपलं, जुनी बादली, मापाचा लोटा, कात्री किंवा धारदार विळा (छाटणी मोठ्या माणसांनीच करावी), कुजलेलं शेणखत, कुटार, तुराट्या, पऱ्हाट्या, एक-दोन मातीची मडकी, आणि जुनी सुती साडी. यातलं बहुतेक आपल्या घरी असतंच. विकत फक्त मडकं घ्यावं लागतं.

पहिलं काम : माती

आमच्या अंगणात काळी माती आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. म्हणून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगा पडल्या की बारीक मुळं तुटतात आणि आतली ओल भेगांतून उडून जाते. म्हणून माघ महिन्यातच प्रत्येक झाडाभोवती खुरपणी करावी. माती दोन-तीन बोटं खोल भुसभुशीत करावी. जास्त खोल खुरपलं तर मुळांना इजा होते. वरची माती मोकळी झाली की खालची ओल वर येऊन उडत नाही. शेतकरी म्हणतात, "एक कोळपणी, अर्धं पाणी." शेतात कोळपं चालवतात, आपण अंगणात खुरपं चालवायचं. काम एकच.

खुरपणी झाल्यावर आळं करायचं. आळं अगदी खोडाला चिकटून करू नये. झाडाच्या फांद्यांची सावली जिथवर पडते, तिथवर बारीक मुळं पसरलेली असतात. पाणी तीच मुळं पितात. म्हणून आळं तेवढं रुंद करावं आणि खोडाशी थोडी माती उंच ठेवावी. खोड सतत ओलं राहिलं तर सडतं.

कुंडी भरायची असली तर दोन वाटे माती, एक वाटा वाळू आणि एक वाटा कुजलेलं खत घ्यावं. नुसती काळी माती कुंडीत भरली तर ती विटेसारखी घट्ट होते. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवावा, म्हणजे पाणी निघून जातं आणि माती राहते.

दुसरं काम : खत

गोठ्यातलं ताजं शेण झाडाला घालू नये. ताजं शेण कुजताना गरम होतं, त्याने मुळं जळतात. शिवाय कच्च्या शेणात उधई आणि हुमणी लवकर होते. उकिरड्याच्या तळाचं जुनं खत घ्यावं. खत कुजलं की नाही, हे ओळखायची खूण आजीने सांगितली. "हातात घे, वास घे, चोळून पाह्य. शेणाचा वास आला तर थांब, मातीचा वास आला तर घाल." चांगलं खत काळपट असतं, चहापत्तीसारखं मोकळं असतं आणि हाताला गरम लागत नाही.

मोठ्या झाडाला एक टोपलं, लहान झाडाला दोन-तीन ओंजळी खत पुरतं. खत घातल्यावर मातीत मिसळावं आणि लगेच पाणी द्यावं.

तिसरं काम : छाटणी

मोगरा : उन्हाळ्यातलं आपलं सगळ्यात मोठं फूल म्हणजे मोगरा. आकाराने नाही, वासाने! मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटव्यांच्या शेंड्याला लागतात. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर झाड नुसतं पसरतं आणि फुलं थोडी येतात.

आपल्या भागात संत्र्याचे बगीचे आहेत. आंबिया बहार घ्यायचा असला की शेतकरी थंडीत झाडाचं पाणी तोडतात. याला ताण देणे म्हणतात. मग खत-पाणी दिलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलांनी भरून येतं आणि बगीच्याजवळून गेलं तरी वास येतो. मोगऱ्याचंही तसंच आहे. डिसेंबर-जानेवारीत त्याचं पाणी कमी करावं. पानं पिवळी पडून गळू लागली तर घाबरू नये. मग जानेवारीच्या शेवटी, फार तर फेब्रुवारीत, वाळक्या आणि बारीक काड्या काढून झाड दीड-दोन फुटांवर छाटावं. नंतर खुरपणी, खत आणि भरपूर पाणी. थोड्याच दिवसांत लाल-हिरवे कोंब फुटतात आणि चैत्रात कळ्या येतात. पहिल्यांदा छाटलेला मोगरा पाहून आईला वाईट वाटलं होतं. आजी म्हणाली, "काऊन घाबरतं? डोकं भादरलं तरी केस पुन्हा येतात ना, तसंच हे."

गुलाब : गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात, पावसाळा संपल्यावर करतात. वसंतात ती करू नये, कारण कोवळे फुटवे उन्हात करपतात. आता फक्त सुकलेली फुलं काढायची आणि वाळक्या काड्या कापायच्या. काप तिरपा घ्यावा आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडा वर घ्यावा. म्हणजे नवी फांदी बाहेरच्या बाजूला वाढते. विकत आणलेला गुलाब कलमी असतो. कलमाच्या सांध्याखालून जोरदार कोंब निघाला तर तो रानगुलाबाचा असतो. तो ठेवला तर सगळं खत-पाणी तोच खातो. म्हणून तो मुळापासून काढावा.

जास्वंद : थंडी सरल्यावर शेंडे चार-पाच बोटं छाटावेत. बाजूने फांद्या फुटतात, तितकी फुलं वाढतात.

शेवंती : शेवंतीची फुलं थंडीत संपतात. झाड वाळल्यासारखं दिसतं म्हणून पुष्कळजण उपटून फेकतात. तसं करू नका. वरचा भाग कापून टाका. बुंध्याशी मुळांतून लहान लहान फुटवे निघतात. एप्रिल-मेमध्ये ते वेगळे करून सावलीत लावले की पुढच्या हिवाळ्याची शेवंती फुकट मिळते.

चौथं काम : झेंडूचं बी

मागच्या दसरा-दिवाळीच्या माळेतली चांगली फुलं झाडावरच किंवा सावलीत पूर्ण वाळवून ठेवावीत. त्यातल्या काळ्या, काडीसारख्या बिया म्हणजे बी. तुम्हाला माहीत आहे का, झेंडूचं एक फूल हे एक फूल नसतं! तो पुष्कळ लहान लहान फुलांचा गुच्छ असतो. म्हणून तर एका फुलातून इतकं बी निघतं.

बी उगवतं की नाही ते आधी पाहावं. आपले बाबा-काका सोयाबीन पेरायच्या आधी ओल्या पोत्यात शंभर दाणे ठेवून उगवण पाहतात. आपण तेच २० बियांवर करू. ओल्या फडक्यात २० बिया ठेवा. फडकं वाळू देऊ नका. सात दिवसांनी मोजा. समजा १५ उगवल्या. तर शंभरात किती? १५ ला ५ ने गुणा, ७५ आले. म्हणजे बी चांगलं आहे.

आता चार फूट लांब आणि चार फूट रुंद वाफ्यात एक-एक फुटावर किती रोपं बसतील? ४ गुणिले ४, म्हणजे १६. शंभरात ७५ उगवणारं बी असेल तर १६ रोपांसाठी निदान २२ बिया हव्यात. काही रोपं चिमण्या-खारी खातात, काही मरतात, म्हणून ३० टाकाव्यात. जास्तीची रोपं शेजारी द्यावीत.

बी आधी टोपल्यात किंवा फुटक्या माठात टाकावं आणि वर बोटाच्या पेराच्या निम्मी माती घालावी. पाच-सात दिवसांत उगवतं. चार-पाच पानं आली की, म्हणजे साधारण महिन्याने, संध्याकाळी वाफ्यात लावावं. सकाळी लावलं तर दिवसभराचं ऊन त्याला सोसत नाही. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. शेंडा खुडला की फुलं थोडी उशिरा येतात पण जास्त येतात. म्हणून पाडव्याला दिवस कमी असले तर खुडू नये.

पाचवं काम : पाणी

हे सगळ्यात अवघड काम आहे. उन्हाळ्यात विहिरी खाली जातात. नळाला रोज पाणी येईलच असं नसतं. आई पहाटे उठून घागरी भरून ठेवते. अशा वेळी फुलझाडांना पाणी द्यायचं की नाही? आमच्या घरी आजीचा नियम आहे, "आधी मानसाले, मग जनावराले, मग झाडाले. घागरीतलं पानी झाडाले नाही." हा नियम मला पटतो. म्हणून आमची बाग एकदा वापरलेल्या पाण्यावर जगते.

मी एक आठवडा रोज बादली ठेवून मोजलं. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी, माठ आणि पिण्याची भांडी विसळलेलं पाणी, आणि पाहुण्यांच्या पेल्यात उरलेलं पाणी. सगळं मिळून रोज साधारण एक बादली भरते. आमची बादली १५ लिटरची आहे. आता हिशेब पाहा.

मोगरे ३, प्रत्येकी २ लिटर : ६ लिटर
गुलाब २, प्रत्येकी २ लिटर : ४ लिटर
जास्वंद १ : ३ लिटर
तुळस १ : १ लिटर
एकूण : १४ लिटर
उरलं : १ लिटर. ते पाखरांसाठी परळात ठेवायचं.

हा हिशेब पाडव्यानंतरच्या कडक उन्हाचा आहे. पाडव्याआधी ऊन कमी असतं, तेव्हा मोगरा आणि गुलाबाला एक दिवसाआड पाणी पुरतं. त्यातून जे वाचतं ते झेंडूला देते. मार्च, एप्रिल आणि मे मिळून ९२ दिवस होतात. ९२ गुणिले १५, म्हणजे १३८० लिटर पाणी. दोनशे लिटरच्या टाकीने मोजलं तर जवळजवळ सात टाक्या! एवढं पाणी आपण मोरीत सोडून देतो.

साबणाचं आणि सोड्याचं पाणी मात्र या झाडांना घालू नये. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर कर्दळ लावावी. कर्दळीला ते चालतं. तिला लाल-पिवळी फुलं येतात आणि न्हाणीमागचा चिखल, डास कमी होतात.

मडक्याची युक्ती : झेंडूच्या वाफ्यात आम्ही दोन मडकी गळ्यापर्यंत पुरली आहेत. मडकं भाजलेल्या मातीचं, बिनरंगाचं पाहिजे. त्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. आजूबाजूची माती कोरडी झाली की मडक्यातून पाणी हळूहळू पाझरतं. माती ओली असली की पाझर कमी होतो. म्हणजे झाडाला लागेल तेवढंच पाणी जातं. आमचं पाच लिटरचं मडकं दोन-तीन दिवस पुरतं. घरातला फार जुना माठ यासाठी चालत नाही, कारण त्याची बारीक छिद्रं बुजलेली असतात. झाकण विसरू नका, नाहीतर त्यात डास होतात.

आच्छादन : खुरपलेल्या आळ्यात दोन-तीन इंच कुटार पसरावं. त्याने माती तापत नाही आणि ओल टिकते. पण चांगलं कुटार हे बैलांचं जेवण आहे. ते घेऊ नये. गव्हाणीत उरलेलं, जनावरांनी न खाल्लेलं कुटार घ्यावं. ते खोडाला चिकटू देऊ नये. तीन बोटं जागा मोकळी ठेवावी आणि मधून मधून उकलून उधई लागली का ते पाहावं.

सावली : वाफ्याच्या पश्चिमेला तुराट्यांचा तट्टा उभा करावा, कारण दुपारनंतरचं ऊन सगळ्यात जास्त भाजतं. लहान रोपांवर जुनी सुती साडी ताणून बांधावी.

पाणी कधी द्यावं? सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर. भर दुपारी जास्वंदीची पानं मान टाकतात. तेव्हा लगेच लोटा घेऊन धावू नका. मातीत दोन पेरं बोट घाला. बोटाला ओल लागली तर झाडाला तहान नाही, ते फक्त उन्हाने दमलं आहे. संध्याकाळी पुन्हा ताठ होईल. आजी म्हणते, "पानी पान पाहून देऊ नाही, माती पाहून द्यावं."

गोडं पाणी, खारं पाणी

आपल्या गावाला सातपुड्याची कूस आहे. पण दक्षिणेकडे पूर्णा नदीकडे गेलं की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. तिथं जमिनीतलं पाणी खारं आहे. ते पिऊन माणसांना त्रास होतो आणि झाडंही नीट वाढत नाहीत. पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात आणि मातीवर पांढरा थर येतो. झाड पाणी घेतं, ऊन पाणी उडवतं, पण क्षार मातीतच राहतात आणि वाढत जातात.

आपलं पाणी कसं आहे ते पाहायचा सोपा प्रयोग आहे. स्टीलच्या दोन ताटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी आणि दुसरीत नळाचं पाणी सारखं मोजून घाला. उन्हात वाळवा. ज्या ताटलीत पांढरा डाग जास्त, त्या पाण्यात क्षार जास्त. कमी क्षारांचं पाणी कुंड्यांना आणि गुलाबाला द्यावं. ज्यांच्या घरी खारंच पाणी आहे, त्यांनी शेणखत भरपूर घालावं आणि पावसाळ्यात कुंड्या पावसात ठेवाव्यात, म्हणजे क्षार धुऊन जातात. कण्हेर आणि बोगनवेल ही झाडं अशा पाण्यावर टिकतात.

सहावं काम : कीड आणि शेळी

वसंतात कोवळे कोंब आले की मावा येतो. जास्वंदीवर पांढरा, पिठासारखा पिठ्या ढेकूण येतो. थोडी कीड असली तर पाण्याने धुऊन टाकावी किंवा ओल्या फडक्याने पुसावी. जास्त असली तर निंबोळीचा अर्क मारावा. वाळलेल्या निंबोळ्या कुटून ५० ग्रॅम घ्याव्यात, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळावं आणि फवारावं. शेतात मारायचं विषारी औषध अंगणातल्या फुलांवर कधीही मारू नये. ती फुलं देवाला जातात, आईच्या केसात जातात आणि लहान भावंडं ती तोंडातही घालतात. लाल रंगाचा काळ्या ठिपक्यांचा गोल किडा दिसला तर मारू नका. तो मावा खातो. तो आपला मित्र आहे.

शेळीसाठी मात्र अर्क नाही! तिला कुंपणच पाहिजे. पऱ्हाट्या आणि बोरीच्या काट्यांचं कुंपण माघातच करून घ्यावं. शेतं मोकळी झाली की शेळ्या गावात जास्त फिरतात. कुंपणाला कण्हेर लावली तर शेळी तिला तोंड लावत नाही. पण लक्षात ठेवा, कण्हेर विषारी असते. तिचं पान, फूल, बी तोंडात घालू नये. गुलबक्षीच्या मिऱ्यासारख्या बियाही खाऊ नयेत.

आपली फुलं कुठून आली?

आपल्या अंगणातली सगळी फुलं इथलीच आहेत असं मला वाटायचं. पण तसं नाही. झेंडू आणि गुलबक्षी अमेरिका खंडातून आली. बोगनवेल ब्राझीलकडून आली. सदाफुली आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरून आली. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार करतात आणि ते लहान मुलांनाही देतात. ज्या फुलाला आपण कुठेही उगवतं म्हणून विचारत नाही, ते इतकं गुणी आहे! मोगरा मात्र आपल्याच भागातला. आणि आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण. त्याची जांभळी फुलं उन्हाळ्यातच येतात.

झेंडूच्या मुळांचा आणखी एक गुण आहे. मातीत सूत्रकृमी नावाचे डोळ्यांना न दिसणारे कृमी असतात. ते टमाट्याच्या, वांग्याच्या मुळांना गाठी करतात. झेंडूच्या मुळांमुळे ते कमी होतात. म्हणून भाजीच्या वाफ्याच्या कडेने झेंडू लावावा.

कुलूपबंद घराचा मोगरा

आमच्या गल्लीत एका घराला दर उन्हाळ्यात कुलूप असतं. घरातले सगळे कामासाठी बाहेरगावी जातात. माझी मैत्रीणही त्यांच्याबरोबर जाते. त्यांच्या दारात एक मोगरा आहे. आम्ही तिघी मैत्रिणींनी वार वाटून घेतले आहेत. प्रत्येकीने दोन दिवस एक-एक लोटा पाणी घालायचं, आणि रविवारी आजी घालते. मैत्रीण परत येते तेव्हा पहिला पाऊस व्हायचा असतो. तेव्हा मोगऱ्याला पानं पाहिजेत, एवढंच आमचं ठरलेलं आहे. तुमच्याही गल्लीत असं घर असेल. एक लोटा पाणी कोणालाही जड नाही.

पालकांना विनंती

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आई-बाबांनो, बागेला पैसे लागत नाहीत. मोरीत जाणारी एक बादली, उकिरड्याच्या तळाचं एक टोपलं खत आणि गव्हाणीतलं उष्टं कुटार एवढंच द्या. बाकी काम आम्ही मुलं करू. छाटणीच्या दिवशी मात्र विळा तुम्ही धरा.

लक्षात ठेवा

पौष : पाडव्याआधी ८० दिवस झेंडूचं बी. मोगऱ्याला ताण.
माघ : खुरपणी, आळी, खत, मोगऱ्याची छाटणी, कुंपण, रोपं वाफ्यात.
फाल्गुन : मडकी, कुटार, तट्टा, सावली.
चैत्र : झेंडूची माळ, मोगऱ्याचे गजरे. रोज मोजून पाणी.
वैशाख : शेवंतीचे फुटवे वेगळे करणे. पाखरांचं परळ भरणे.

तुम्ही सांगा

१. तुमच्या घरी एका दिवसात किती लिटर पाणी मोरीत जातं? तीन दिवस मोजा.
२. २० पैकी १२ बिया उगवल्या, तर शंभरात किती उगवतील?
३. पळस फुलताना पानं का गाळतो?
४. पुढच्या वर्षीच्या पाडव्यासाठी झेंडूचं बी कोणत्या तारखेला टाकाल? कॅलेंडर पाहून लिहा.

उत्तरं वर्गातल्या खोक्यात टाका. ज्यांच्याकडे झेंडूचं बी नाही त्यांनी माझ्याकडे मागावं. आमच्याकडे एक डबाभर आहे.